आधी खालची बांधी

खैरटोला, ता. चामोर्शी
मंगळवार (तारीख दिव्यानी घालेल)

प्रिय पोचू,

तुझ्या वाट्याचं धान कमळाने मागच्या आठवड्यात बल्लारपूरला पाठवलं, ते मिळालं असेल. पोती उतरवून घेताना तू नक्की म्हणाला असशील की ही बाई चुकली, दुसऱ्या कोणाचं धान आपल्या दारात टाकून गेली. चुकली नाही. ते तुझ्याच बांधीतलं आहे. दरवर्षीपेक्षा जवळजवळ दुप्पट पिकलं, आणि दाणा असा की हातात घेतला तर जड लागतो. आता दुसरं ऐक. तुझ्या बांधीच्या वर, धुऱ्याला धुरा लागून असलेल्या माझ्या बांधीत यंदा निम्म्याहून जास्त फोल निघालं. पाऊस तोच, बियाणं तेच, बोडी तीच. मग असं कसं झालं, हे मला गेले दोन महिने सगळे विचारतात. मीही मलाच विचारतो. उत्तर सापडलं असतं तर हे पत्र लिहायची पाळी आली नसती.

फोन का नाही केला, असं म्हणशील. नात दिव्यानी रोज म्हणते, "आबा, पोचूआजाले फोन लावून देऊ का?" पण फोनवरचं आपलं बोलणं तुला माहीतच आहे. तू विचारतोस तब्येत कशी, मी म्हणतो ठीक. मी विचारतो पार्बताचे गुडघे कसे, तू म्हणतोस चाललं. मग कोणीतरी म्हणतो, ठेवतो. इतकी वर्षं आपण असंच ठेवत आलो. पत्राचं बरं असतं. माझं सांगून होईपर्यंत तू मध्ये 'जाऊ दे भाऊ' म्हणू शकत नाहीस. आणि माझ्या भाषेला हसू नकोस. पाटीवर 'मले' लिहिलं की गुरुजी छडी मारायचे, तू तर माझ्यापेक्षा जास्त खाल्ल्यास, म्हणून बोलताना जन्मभर 'मले' म्हणणारा मी कागद पुढे आला की आपोआप शहाण्यासारखा लिहायला लागतो. सातवी पास माणसाला तेवढा तरी तोरा असू दे.

पहिल्यापासून सांगतो. तुला सगळं पाठ आहे, तरी सांगतो, कारण हल्ली मी रोज सकाळी तोंड धुताना ते पाढ्यासारखं घोकतो. सगळ्यात वर बोडी, आपल्या आजाने खणलेली तळी, तीन बाजूंनी मातीची पाळ. बोडीखाली माझ्या चार बांध्या, पायऱ्या उतराव्यात तशा. त्यांच्याखाली तुझ्या तीन. त्याखाली नाला आणि नाल्याकाठी आपलं मोहाचं झाड, आणि मोहापलीकडे जंगल. तुझ्या बांधीला बोडीचं पाणी जायचं तर ते माझ्या बांध्यांतूनच जातं, दुसरी वाट नाही. प्रत्येक मातीच्या धुऱ्याला पाण्यासाठी एक तोंड. फावड्याने चार घाव घातले की उघडतं, चार ढेकळं लावली की बंद. एवढं सगळं न अडखळता म्हणून झालं की मला बरं वाटतं. डोकं जागेवर आहे म्हणायचं. मग चहा पितो, आणि अर्ध्या तासाने पुन्हा चहा मागतो, आणि तुझी वहिनी, मनकर्णा, माझ्याकडे बघत राहते.

हो, ते तुला सांगायला हवं. मी विसरायला लागलोय. पहिल्यांदा कोणी मनावर घेतलं नाही. आठ वर्षांपूर्वी विकलेल्या बैलांना वैरण टाकायला मी गोठ्यात गेलो, तिथे आता रोशनचा ट्रॅक्टर उभा असतो, तर ट्रॅक्टरपुढे तणसाची पेंढी ठेवून आलो. घरात सगळे हसले, मीही हसलो. मग पोळ्याच्या दिवशी सासुरवाशीण थोरली पोर भेटायला आली आणि मी तिला विचारलं, बाई, कोणाच्या घरची गं तू? तेव्हा कोणी हसलं नाही. रोशनला मी पोचू म्हणून हाक मारतो. एकदा नाही, किती तरी वेळा. तो ओ देतो बिचारा. पण जुनं विचार काहीही. बांबूतोडीला आपण दोघे गेलो तेव्हा कोणत्या पहाडीवर कोणती खोप होती, तुझ्या पायात बांबूची फास कुठे रुतली, ती मी दातांनी कशी काढली, सगळं डोळ्यांपुढे आहे. काल रात्री काय जेवलो ते मात्र मनकर्णाला विचारावं लागतं. मोठी गंमत आहे. मला तरी त्यात फारसं हसू येत नाही.

अठ्ठ्याहत्तर वर्षांचा झालो. तुला सांगतो पोचू, मी दमलो असं मला कधी वाटलंच नाही, वाटायला वेळच नव्हता. पावसाळ्यात रोवणा, दिवाळीनंतर कापणी, धान चुरून झालं की बांबू, उन्हाळ्यात पहाटे मोह वेचायचा, मग तेंदूपत्ता, मग रस्त्याच्या कामावर खडी. दोन पोरींची लग्नं केली, आईचं शेवटपर्यंत केलं, रोशनला बारावीपर्यंत शिकवलं. हे मी फुशारकीने लिहीत नाही. मागच्या सव्वीस जानेवारीला ग्रामपंचायतीने मला शाल आणि नारळ दिला. गावातला सगळ्यात कष्टाळू माणूस म्हणून. सरपंच माइकवर म्हणाला, "लटारूभाऊनं कोनाची काडी बी घेतली नाई." शाळेच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. फोटो काढला, तो रोशनने भिंतीवर लावलाय. नीट बघितलास तर त्यात मी खाली पायांकडे बघतोय. दिव्यानी म्हणते, आबा लाजले. लाजलो नव्हतो.

आता त्या दिवसाचं. दसरा होऊन गेला होता. धान निसवायला आलं होतं, लोंबी पोटातून बाहेर पडायच्या बेताला, आणि नेमका तेव्हा पाऊस गेला. तुला सांगायला नको की त्या आठ-दहा दिवसांत पाणी मिळालं तर दाणा भरतो आणि नाही मिळालं तर नुसतं टरफल. पण बोडी यंदा चांगली भरलेली होती. सगळ्या बांध्यांना पुरून उरलं असतं एवढं पाणी. रोशनला ट्रॅक्टरचा कसलासा सुटा भाग आणायला चामोर्शीच्या बाजाराला जायचं होतं. जाताना मला बजावून गेला, "बाबा, उद्या मी घरी हावो. उद्या दोघं मिळून पानी सोडू." मी हो म्हणालो. तो गेला, आणि मी फावडं खांद्यावर टाकून निघालो. एकटा. त्या आठवड्यात नाल्याच्या अंगाला वाघाची पावलं दिसली होती, वनरक्षक घरोघर सांगून गेला होता की एकट्याने जाऊ नका. तेही मला माहीत होतं. की नव्हतं?

बोडीची पाळ मी फोडली. पाणी घोट्यावरून गेलं ते किती थंड होतं हे मला आठवतं. एक मुरा मासा उड्या मारत पहिल्या बांधीत पडला, तो उचलून परत बोडीत टाकला हेही आठवतं. मग एकेक तोंड उघडत खाली गेलो. माझी पहिली, दुसरी, तिसरी, चौथी. मग तुझी पहिली, दुसरी, आणि तळाची. पाणी माझ्या मागून मागून येत होतं. तळाची बांधी भरली की उलट वर जात एकेक तोंड बंद करायचं असतं, म्हणजे प्रत्येकात पाणी राहतं. मी ते केलं नाही. मी मोहाखाली बसलो. तुझ्या बांध्या काठोकाठ भरल्या, वरून सांडून पाणी नाल्यात जायला लागलं, आणि मी बघत बसलो. दुपार झाली, उन्हं कलली, तरी बसलेलो. रोशन धावत आला तेव्हा बोडीत चिखल उरला होता आणि माझ्या चारही बांध्यांतून पाणी उतरून गेलं होतं. खाली तुझ्या बांध्या मात्र आभाळ दिसेल एवढ्या भरलेल्या.

रोशन एवढा ओरडला की पलीकडच्या शेतातली माणसं गोळा झाली. "तुमाले समजते का नाई बाबा? वाघ हाय इथी! अन् आपल्या बांधीचे तोंडं कोन बंद करन?" त्याने माझा दंड घट्ट धरून ठेवला होता. रागाने नाही, भीतीने. पन्नाशीला टेकलेला माणूस, पण तेव्हा मला तो लहानपणी तापात बडबडायचा तसा दिसला. मी त्याला म्हणालो, चिडू नको पोचू. तो मटकन खाली बसला. दुसऱ्या दिवसापासून त्याने माझं फावडं कुठे तरी ठेवून दिलंय. मी विचारलं की म्हणतो, हाय ना घरातच. पुढचे पंधरा दिवस थेंब पडला नाही. आमचं धान उभ्या उभ्या पांढरं पडलं.

तेव्हापासून गावात जितकी तोंडं तितक्या गोष्टी. कमळाला वाटतं मी तिच्यावर दया केली. एकटी बाई, अकरा वर्षं तुझी बांधी बटईने करते, कधी पोटापुरतं कधी तेवढंही नाही, म्हणून लटारूभाऊने स्वतःचं जाळून तिचं पिकवलं. कापणीच्या दिवशी ती सगळ्यांदेखत माझ्या पायावर डोकं ठेवून रडली. "लटारूभाऊ, तुमी मानूस नाई, देव हाव." मी पाय मागे घेतले. चावडीवरचे म्हणतात, म्हातारा कामातून गेला. रोशन तसं म्हणत नाही, पण त्याने चंद्रपूरच्या डोक्याच्या डॉक्टरकडे नाव घातलंय. दिव्यानी एकदा जवळ येऊन हळूच म्हणाली, "आबा, मले तं सांगा. तुमी मुद्दाम केलं ना?" मी तिला म्हणालो, अभ्यास कर. पोरीला ते खरं उत्तर वाटलं असेल. मला उत्तर ठाऊकच नव्हतं.

एकटी मनकर्णाच काही बोलली नाही. त्या संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा तिने हातावर पाणी घातलं. मी हात धुतले, ते तिने उलटसुलट करून पाहिले. दोन्ही हातांना मनगटापर्यंत जेमतेम चिखल होता. मग ताटात नेहमीपेक्षा जास्त भात वाढला आणि भिंतीला टेकून बसून राहिली.

(हे मी चार दिवस लिहितोय. मागचं वाचून मग पुढचं लिहितो. काही दोनदा आलं असेल तर सोडून दे.)

आता बा काय म्हणायचा ते आठव. शेवटचं पाणी सोडताना तो आपल्याला दोघांनाही घेऊन जायचा. सगळी तोंडं उघडायची, पाणी आधी थेट तळाच्या बांधीपर्यंत न्यायचं, ती भरली की मग खालून वर बंद करत यायचं. मी एकदा विचारलं होतं, आपण वर आहोत तर आपलं आधी का नाही? तेव्हा त्याने मला धुऱ्यावर उभं केलं आणि म्हणाला, "वरचा बोडीपाशीच हाय, त्याले कवा बी भेटते. खालच्याले कोन देते?" पुढे वाटणी झाली तेव्हा वरच्या बांध्या मला आल्या आणि खालच्या तुला. तू भांडला नाहीस. का भांडशील? आधी खालची बांधी, हा नियम आपल्या दोघांच्या अंगात मुरलेला होता आणि वर मी होतो.

पोचू, तुझी पोर झाली ते वर्ष. बा जाऊन वर्ष झालं होतं. पार्बताचे दिवस भरत आले म्हणून तू तिला घेऊन कुरखेड्याला तिच्या माहेरी गेलास. पाऊस असाच दसऱ्यानंतर गेला होता. निघताना तू म्हणालास, "भाऊ, पानी सोडशीन तं माह्या बांधीकडे लक्ष ठेवजो." मी म्हणालो, जा तू बिनघोर. चौथ्या दिवशी भर दुपारी मी बोडीवर गेलो. बोडीत गुडघाभरच पाणी. दोघांना पुरणार नाही, एकालाच पुरेल, हे बघताक्षणी समजत होतं. तरी मी पाळ फोडली, सगळी तोंडं उघडली, तुझ्या तळाच्या बांधीपर्यंत जाऊन आलो. पाणी माझ्या चौथ्या बांधीच्या तोंडाशी आलं, पलीकडे तुझी पहिली बांधी, भेगा पडलेली. आणि मी तिथे खाली बसलो. दोन्ही हातांनी चिखल उपसला आणि तोंड बुजवून टाकलं. फावडं शेजारीच पडलेलं होतं, तरी हातांनी. का हातांनी, ते मला आजवर समजलेलं नाही. आई अंथरुणावर होती, दोन पोरी आणि रोशन लहान, घरातलं धान गणपतीतच संपलेलं. हे सगळं खरं आहे. पण तुझ्याही घरात माणूस येणार होतं, आणि ते मला त्या क्षणीही माहीत होतं, म्हणून बाकीचं खरं मी पुढे करत नाही.

मनकर्णा तेव्हा पेज घेऊन धुऱ्यावर आली होती. माझे हात कोपरापर्यंत माखलेले, तोंड बंद, पाणी अडलेलं. तिने पेजेचं गाडगं खाली ठेवलं आणि तशीच घरी गेली. संध्याकाळी हातावर पाणी घातलं, आणि त्याबद्दल आजतागायत एक अक्षर नाही. तू आठ दिवसांनी आलास तर तुझ्या बांधीत तणसच उभं होतं. तुला मी सांगितलं की खेकड्याने पाळीला भोक पाडलं, पाणी निम्म्याहून नाल्याला गेलं. खेकडा भोकं पाडतोच, त्यात खोटं पकडण्यासारखं काही नव्हतं. तू म्हणालास, "जाऊ दे भाऊ. खेकड्याले का समजते, कोनाची बांधी हाय ते." मग संध्याकाळी एकटाच शेतावर जाऊन आलास. पुढच्या वर्षी तू रोवणा केला नाहीस. बल्लारपूरला कामाला लागलास, निघताना माझ्या पाया पडलास.

इथे मी अडकतो. त्या संध्याकाळी तू माझ्या चौथ्या बांधीच्या तोंडाशी गेला होतास का? तोपर्यंत चिखल वाळला होता, आणि त्यात माझी दहा बोटं स्पष्ट उमटलेली होती. मी दुसऱ्या दिवशी पाहिली आणि फावड्याने खरवडून टाकली. तू आधी पाहिलीस की नाही? रोशनच्या लग्नानंतर तू दोन दिवस राहिलास, मनकर्णाने खेकड्यांचा रस्सा केला, तेव्हा तू हसत म्हणालास, "वाढ वयनी, यायच्याशी जुनं वैर हाय आपलं." सगळे हसले. मीही हसलो. मनकर्णा मात्र चुलीकडे वळली. तू साधी थट्टा केलीस की मला काही सांगितलंस? दर दिवाळीला मिठाईचा डबा पाठवतोस, तो प्रेमाने की मी तो खाताना काय वाटून घेतो ते बघायला? माझ्या धाकट्या भावाबद्दल असं मनात यावं याची मला लाज वाटते, पण येतं. तुला माहीत असेल तर तू माझ्यापेक्षा फार मोठा माणूस आहेस. नसेल, तर मी तुला आत्ता पहिल्यांदा सांगतोय. दोन्हीपैकी काय, हे सत्तेचाळीस वर्षं मला कळलेलं नाही.

आणि आता यंदाचं. मोहाखाली बसलो होतो तेव्हा मला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. तू कुरखेड्याला गेला आहेस आणि उद्याच्या गाडीने येणार आहेस, आणि आलास की तुला तुझी बांधी भरलेली दिसेल. तुझा चेहरा कसा होईल ते मी बघत होतो. एवढं सुख मला कधी झालं नव्हतं, पोरींच्या लग्नातही नाही. म्हणजे मी विसरलो होतो ना? वर्ष कोणतं तेच विसरलो होतो. मग मागच्या पंधरवड्यात मनकर्णा आपणहून बोलली. म्हणाली, "सकाळी निंघतानी तुमी म्हनले, आज पोचूची बांधी आधी. म्हनून म्या अडवलं नाई." तिला वाटतं मी विचार करून, ठरवून गेलो. पण पोचू, ते वाक्य तर मला त्या वर्षीही म्हणायचं होतं. ते मी यंदाचा लटारू म्हणून बोललो की तेव्हाचा, हे ती कशी सांगणार आणि मी तरी कसं सांगू? डोकं धड होतं तेव्हा मी तुझं पाणी अडवलं. आता डोकं ढिलं झालं, वर्ष आठवेना, माणसं ओळखू येईनात, आणि हातून बरोबर काम झालं. त्यातही पुन्हा रोशनचं नुकसान करून. याला पुण्य म्हणू, आजार म्हणू की आणखी एक चूक? कमळा देव म्हणते तेव्हा मला वाटतं ओरडून सांगावं. रोशन आजारी म्हणतो तेव्हा वाटतं, नाही रे, मी ठरवून केलं. आणि रात्र व्हायच्या आत दोन्ही खोटं वाटायला लागतं.

येत्या सोमवारी रोशन मला चंद्रपूरला नेणार आहे. डॉक्टर विचारतील, बोडी फोडली तेव्हा तुम्हाला काय आठवत होतं? मुद्दाम केलं म्हणालो तर रोशनच्या घामाचं मी जाणूनबुजून वाहू दिलं असं होतं, आणि का ते मग त्यालाही सांगावं लागेल. विसरलो म्हणालो तर फावडं कायमचं गेलं, आणि त्यासोबत ते एक बरं कामही माझं उरत नाही. म्हणून आधी तुला लिहिलं. डॉक्टरला काय सांगायचं ते नंतर बघू. दवाखान्यातून निघालो की मी रोशनला सांगणार आहे, मला बल्लारपूरला पोचूकडे ने. तू दारात उभं केलंस तर आत येईन, नाही केलंस तर पायरीवर बसेन. तुला जे म्हणायचं ते म्हण, पार्बतालाही म्हणू दे, तिचा हक्क तुझ्याइतकाच आहे. शिव्या दे, मी खाली मान घालून ऐकेन. फक्त 'जाऊ दे भाऊ' म्हणू नकोस, ते मला आता सोसत नाही. आणि माफ करणार असशील तर उशीर लावू नकोस. मी काय केलं ते मला आठवतंय तोवर कर. नाही तर एखाद्या दिवशी तू मोठ्या मनाने माफ करशील आणि मी तुझ्याकडे बघून विचारीन, कशाबद्दल रे पोचू?

तुझाच, वरच्या बांधीतला भाऊ,
लटारू

ता. क. एक विचारायचं राहिलंच. कमळाने तुझ्या वाट्याचं धान पाठवलं होतं, ते मिळालं का?